लाकूड चिपरची पाती बदलताना : जुने पाते वाचून नवे कसे निवडावे

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या दुकानाच्या काउंटरवर पोत्यात गुंडाळलेले झिजके पाते ठेवायचे आणि ‘अगदी असेच तीन द्या’ म्हणायचे, ही लाकडाच्या ढलप्या करणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे चिपरच्या, नव्या मालकाची पहिली खरेदी असते. जाणता दुकानदार त्यावर चार-पाच प्रश्न विचारतो : चिपर डिस्कचा (पाती सपाट चकतीवर बसवलेला) की ड्रमचा (पाती फिरत्या पिंपावर बसवलेला), लाकूड कोणते, ओले की वाळलेले, खिळे-माती येते का, आणि पाते मुळात किती रुंद होते. यांतल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे गिऱ्हाइकाजवळ नसतात. खरे तर ती सगळी त्या पोत्यातल्या पात्यावरच उमटलेली असतात. ब्रिकेटच्या (दाबून केलेल्या जळणाच्या विटांच्या) कारखान्याला किंवा बॉयलरला ढलप्या पुरवणाऱ्या, तसेच वखारीतल्या तुकड्यांचा आणि छाटणीच्या फांद्यांचा निपटारा करण्यासाठी नुकताच चिपर घेतलेल्या माणसाला ती उत्तरे स्वतः वाचता यावीत, यासाठी हा लेख आहे.

पाते खरोखर बदलायला आले आहे का

बोथट पात्याची खूण आधी ढलप्यांत दिसते. चांगल्या धारेची ढलपी दोन्ही बाजूंनी स्वच्छ कापलेली आणि साधारण एकाच जाडीची असते. धार गेली की ढलप्यांच्या कडा पिंजल्यासारख्या होतात, सालीचे लांब दोरे निघू लागतात आणि ढिगात भुशाचे प्रमाण वाढते. त्याच सुमारास जी फांदी पूर्वी यंत्र स्वतः ओढून घेत असे ती हाताने रेटावी लागते, इंजिनाचा आवाज दबतो आणि डिझेल जास्त लागते.

मात्र एवढ्यावरून लगेच नवी पाती मागवू नयेत. चिपरमध्ये फिरते पाते एकटे कापत नाही. त्याच्यासमोर एक स्थिर पाते असते, ज्याला कारागीर अ‍ॅनव्हिल किंवा फिक्स ब्लेड म्हणतात, आणि या दोघांच्या मधून लाकूड कापले जाते. अडकित्त्याचे एक पाते कितीही धारदार असले तरी खालचे पाते गोल झाले असेल तर सुपारी कातरत नाही, चिरडते. इथेही तसेच आहे. म्हणून प्रथम अ‍ॅनव्हिलची कड बोटाने नव्हे, तर सरळ पट्टी लावून तपासावी. ती गोलावली असेल तर ते काढून दुसरी कड पुढे आणता येते का ते पाहावे, कारण बरीच अ‍ॅनव्हिल उलटसुलट करून एकाहून अधिक कडांनी वापरता येतील अशी बनवलेली असतात. ही तपासणी न करता नवी पाती चढवणारे पुष्कळ आहेत, आणि पंधरा दिवसांत ‘माल हलका निघाला’ म्हणून दुकानदाराशी भांडणारेही तेच.

पाते उतरवण्यापूर्वी

इंजिन बंद करून किल्ली खिशात घालावी आणि बॅटरीची एक तार सोडावी. मोटरवर चालणारा चिपर असेल तर मेन स्विच पाडून फ्यूज काढून जवळ ठेवावेत. ट्रॅक्टरवरचा असेल तर पीटीओचा, म्हणजे ट्रॅक्टरची शक्ती यंत्राला देणारा, शाफ्ट प्रत्यक्ष सोडवावा. डिस्क चिपरची जड चकती इंजिन थांबल्यावरही काही मिनिटे गपचूप फिरत राहते, त्यामुळे ती पूर्ण थांबल्याचे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय झाकणाचा एकही बोल्ट सैल करू नये. त्यानंतर कंपनीने दिलेली लॉक पिन घालावी. लॉक पिन नसेल तर लाकडाची पाचर मारून चकती अडवावी, कारण एक पाते सुटले की तोल बिघडून चकती आपोआप फिरते आणि दुसरे पाते नेमके हाताशी येते. जाड चामड्याचे हातमोजे घालावेत. बोथट पातेसुद्धा बोट कापण्यापुरते धारदार असते.

उतरवताना प्रत्येक पात्यावर आणि त्याच्या बैठकीवर मार्करने १, २, ३ असे आकडे टाकून ठेवावेत. पुढच्या वाचनाला त्यांचा उपयोग होतो.

जुने पाते वाचणे

या पायरीला मी सर्वांत जास्त वेळ देतो. पाते रॉकेलने किंवा डिझेलने धुऊन, राळ खरवडून, उजेडात भिंगाखाली धरावे.

धार सर्व लांबीभर सारखी, गुळगुळीत आणि चकाकत गोल झाली असेल, तर ती घासून झिजली आहे. माती, वाळू आणि सालीत अडकलेले बारीक खडे यांचे हे काम असते. राधानगरी, आजरा, चंदगड या बाजूने येणारी लाकडे ओढत आणलेली असली की त्यांच्या सालीत तांबडी माती रुतून बसते आणि ती पात्यावर पॉलिश पेपरसारखी चालते. बांबूच्या अंगात सिलिका असल्याने स्वच्छ बांबूही अशीच झीज करतो. अशा कामाला झीज सोसणारे, म्हणजे अधिक कठीण पाते लागते.

धारेला अर्धचंद्राकार खाच पडली असेल आणि खाचेपाशी पोलाद वाकून मागे वळलेले दिसत असेल, तर लोखंड आडवे आले आहे आणि पात्याने तो मार वाकून सोसला आहे. खोक्यांचे खिळे, कुंपणाच्या झाडात वाढलेली तार, पॅकिंगच्या पट्ट्या यांच्या खुणा अशा असतात. पण खाचेची कड शिंपल्यासारखी तुटलेली, आत चमकदार दाणेदार पोलाद दिसणारी असेल, तर पाते वाकलेले नाही, ते फुटले आहे. या कामासाठी ते ठिसूळ होते, आणि तशाच कठीणपणाचे दुसरे पाते घेणे म्हणजे तोच मोड पुन्हा विकत घेणे होय.

धारेच्या मागे निळा किंवा जांभळट पट्टा दिसला तर मागच्या वेळी धार लावताना पाणी कमी पडले होते. ग्राइंडरखाली पोलाद तापले, त्याचे टेंपर, म्हणजे तापवून-थंड करून आणलेला कठीणपणा, उतरले आणि धारेचा तेवढा भाग मऊ झाला. अशा वेळी पात्याच्या दर्जाला दोष देण्यात अर्थ नसतो. धार लावणारा बदलावा.

एकाच टोकाला जास्त झीज असेल तर कामगार सगळ्या फांद्या तोंडाच्या एका बाजूने सोडत आहेत. याला नवे पाते हा उपाय नाही.

शेवटी बोल्टच्या भोकांकडे पाहावे. भोकाच्या कडेपासून निघालेली केसाएवढी रेघ ही तडा असू शकते. पाते दोरीला टांगून हलक्या स्पॅनरने वाजवले तर चांगले पाते घंटेसारखे वाजते आणि तडा गेलेले बद्द आवाज करते. पण या युक्तीवर पूर्ण विसंबू नये. तीन स्प्रे मिळतात, एक साफ करण्याचा, एक लाल रंगाचा आणि एक पांढऱ्या पावडरचा. त्यांनी केलेल्या डीपी टेस्टमध्ये (तड्यात रंग शिरवून पाहण्याच्या चाचणीत) तडा पांढऱ्यावर लाल रेघ होऊन वर येतो. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कोणत्याही बऱ्या मशिन शॉपमध्ये ही चाचणी ओळखीची आहे. तडा सापडला तर पाते भंगारात टाकावे. त्यावर वेल्डिंग करणारा भेटेल, ‘काही होत नाही, मालक’ असेही म्हणेल. परंतु हार्डनिंग केलेल्या, म्हणजे तापवून कठीण केलेल्या, टूल स्टीलवर (हत्यारांच्या पोलादावर) वेल्ड मारला की वेल्डलगतचा भाग तडकतो आणि तो तुकडा पूर्ण वेगाने बाहेर येतो.

माप घेणे

आता माझी स्वतःची चूक सांगतो, कारण ती जवळजवळ प्रत्येक नवा माणूस करतो. माझ्या पहिल्या ऑर्डरच्या वेळी मी व्हर्निअर लावून पात्याची रुंदी मोजली, ९७ मि.मी. आली, आणि तेवढीच लिहून दिली. पाती सुबक आली, भोके तंतोतंत जुळली. यंत्र सुरू केल्यावर मात्र नव्या कोऱ्या पात्यांतून सालीचे दोरेच दोरे निघाले. मूळ पाते १०२ मि.मी. रुंदीचे होते, उरलेले ५ मि.मी. वर्षभरात धार लावताना ग्राइंडरवर गेले होते. मी झिजलेल्या पात्याचीच हुबेहूब नक्कल पैसे देऊन करून घेतली होती, आणि भोके गोल असल्यामुळे पाते पुढे सरकवायलाही वाव नव्हता.

म्हणून माप धारेपासून घेऊ नये. एकाच बाजूला धार असलेल्या पात्याची मागची कड झिजत नाही. त्या कडेपासून भोकांच्या मध्यापर्यंतचे अंतर, दोन भोकांच्या मध्यांमधले अंतर, भोकाचा व्यास, भोक सरळ आहे की बोल्टचे डोके बसण्यासाठी उतरते केलेले आहे आणि असल्यास किती खोल, एकूण लांबी आणि जाडी, ही मापे जुन्या पात्यावरून घ्यावीत. जाडी बोल्टजवळ मोजावी. मूळ रुंदी मात्र यंत्राच्या पुस्तिकेतून घ्यावी. पुस्तिका हरवली असेल तर बैठकीवरून काढावी : बैठकीच्या मागच्या आधारापासून अ‍ॅनव्हिलपर्यंतचे अंतर मोजून त्यातून फिरत्या आणि स्थिर पात्यांमध्ये ठेवायची फट वजा केली की नव्या पात्याची रुंदी मिळते. अ‍ॅनव्हिल पुढे-मागे सरकणारे असेल तर ते आधी त्याच्या सरकण्याच्या मधोमध आणून मग मोजावे, म्हणजे दोन्हीकडे वाव राहतो.

धारेचा कोन बेव्हल प्रोट्रॅक्टरने मोजावा. बहुतेक चिपरची पाती ३० ते ४० अंशांच्या दरम्यान असतात. कोन कमी असेल तर पाते लाकडात सहज शिरते, पण धार नाजूक राहते; कोन वाढवला की धार टिकते आणि इंजिनावर ताण येतो. नवख्याने कंपनीचा कोन बदलू नये. ही सगळी मापे एका कागदावर आकृती काढून लिहावीत, कारण व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोवरून पाते बनवून देतो म्हणणारा माणूस भोकांचे अंतर अंदाजाने धरतो, आणि भोकात १ मि.मी.चा फरक पडला तरी पाते बसत नाही.

पोलाद आणि कठीणपणा

बाजारात सर्वांत जास्त ऐकू येणारे नाव ‘एचसीएचसी’ (हाय कार्बन हाय क्रोमियम) हे आहे. या एका नावाखाली दोन वेगळी पोलादे विकली जातात, हे नव्या माणसाला कोणी सांगत नाही. डी-२ मध्ये कार्बन सुमारे १.५ टक्के आणि क्रोमियम सुमारे १२ टक्के असते. डी-३ मध्ये क्रोमियम तेवढेच, पण कार्बन २ टक्क्यांच्या आसपास असते. डी-३ झीज उत्तम सोसते, पण मार सोसत नाही, आणि चिपर हे तर सतत मार खाणारे यंत्र आहे. त्यामुळे ‘एचसीएचसी चालेल’ असे न म्हणता ‘डी-२ की डी-३?’ असे स्पष्ट विचारावे आणि बिलावर लिहून घ्यावे.

चिपरसाठी खास वापरले जाणारे पोलाद वेगळे आहे. त्यात कार्बन सुमारे अर्धा टक्का आणि क्रोमियम सुमारे ८ टक्के असते. जर्मन पद्धतीत त्याचा क्रमांक १.२३६० आहे आणि अमेरिकी पद्धतीत ते सुधारित ए-८ म्हणून ओळखले जाते. झीज सोसण्यात ते डी-२ पेक्षा थोडे मागे पडते, परंतु खिळा आला तर फुटण्याची शक्यता बरीच कमी असते. मिश्र माल येणाऱ्या नव्या धंद्याने याच पोलादापासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. ओएचएनएस (तेलात बुडवून कठीण केले जाणारे पोलाद) स्वस्त आणि सहज मिळणारे आहे. कमी कामाच्या लहान चिपरला ते चालते, पण रोजच्या आठ तासांच्या कामात त्याची धार लवकर उतरते.

आणि मग कमानपाट्याचा मोह आहे. ऑइल इंजिनापासून उसाच्या घाण्यापर्यंत सगळे जिथे घडवले जाते त्या कोल्हापुरात, जुन्या ट्रकच्या कमानपाट्यातून चिपरचे पाते कापून देणारा कारागीर न भेटला तरच नवल. हात त्याचा बसलेला असतो, यात शंका नाही. परंतु कमानपाट्याचे पोलाद लवचीकपणासाठी घडवलेले असते आणि त्याचा कठीणपणा रॉकवेल सी (पोलादाचा कठीणपणा मोजण्याच्या) मापावर पंचेचाळिसाच्या आसपासच असतो. चिपरच्या पात्याला साधारण ५५ ते ५८ लागतो. त्याला पुन्हा हार्डनिंग केले तर वर्षानुवर्षे खड्ड्यांत वाकून त्यात पडलेले अदृश्य तडे उघडे पडण्याची भीती असते. काटकसर करायची असेल तर ती इथे करू नये.

कठीणपणाच्या बाबतीत वाचलेले जुने पाते निर्णय देते. स्वच्छ, ओली सुबाभूळ किंवा निलगिरी असेल तर ५७-५८ घ्यावे. वाळलेली बाभूळ कठीण असते आणि धारेवर जड जाते, म्हणून तिथे ५६ च्या आसपास राहावे. खोकी, पॅलेट, पाडकामाचे लाकूड अशा खिळ्यांच्या मालासाठी ५३ ते ५५ वर उतरावे आणि धार लवकर जाईल हे आधीच मान्य करावे. ६० च्या वर कठीण असल्याची जाहिरात करणारे पाते चिपरसाठी गुण म्हणून स्वीकारू नये.

विक्रेत्याकडून हीट ट्रीटमेंटचा हार्डनेस रिपोर्ट मागावा. मोठी खरेदी असेल तर त्यातले एक पाते जवळच्या हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये नेऊन दोन्ही टोके आणि मध्य असे तीन ठिकाणी तपासून घ्यावे. तिन्ही आकड्यांत दोन अंकांहून जास्त फरक असेल तर पाते सारखे तापलेले नाही.

किंमत टनावर मोजावी

दुकानातली किंमत ही पात्याची खरी किंमत नसते. हिशेबाची रीत दाखवण्यासाठी काही आकडे धरू. समजा एक संच १२,००० रुपयांचा आहे, त्याला चार वेळा पुन्हा धार लावता येते आणि प्रत्येक धारेत ६० टन निघतात. म्हणजे पाच धारांत ३०० टन. धार लावण्याचे दर खेपेचे १,२०० रुपये धरले तर एकूण खर्च १६,८०० आणि टनाला ५६ रुपये. दुसरा संच ७,००० रुपयांचा, तीन वेळा धार लागणारा आणि धारेला ३० टन देणारा धरला तर १२० टनांना १०,६०० रुपये, म्हणजे टनाला सुमारे ८८ रुपये पडतात. शिवाय ३०० टनांसाठी पहिल्या संचात पाती पाच वेळा बसवावी लागतात आणि दुसऱ्यात दहा वेळा, आणि तेवढा वेळ कामगार बसून असतात. स्वतःच्या यंत्राचे आकडे वहीत नोंदवले की हा हिशेब दोन संचांनंतर आपोआप जमतो.

बसवणे आणि पहिला अर्धा तास

पाती नेहमी पूर्ण संचाने बदलावीत. तीनपैकी एक नवे आणि दोन जुनी अशी जोडणी केली तर तोल जातो आणि त्याचा भुर्दंड बेअरिंग भरते. २५० मि.मी. लांब, १०० मि.मी. रुंद आणि १० मि.मी. जाड पात्याचे वजन दोन किलोच्या जरा आत येते. संचातली सर्व पाती डिजिटल काट्यावर ठेवून पाहावीत आणि वजनात पुस्तिकेने दिलेल्या मर्यादेहून अधिक फरक असेल तर संच परत करावा. मर्यादा दिलेली नसेल तर मी पाच-सहा ग्रॅमपेक्षा जास्त फरक घेत नाही.

बैठक तारेच्या ब्रशने घासून पूर्ण स्वच्छ करावी. राळेचा एक वाळलेला थेंब खाली राहिला तरी बोल्ट आवळताना पाते त्याच्यावर वाकते, आणि भोकापासून निघणारे तडे पुष्कळदा असेच सुरू होतात. बोल्ट जुने वापरू नयेत. डोक्यावर १०.९ किंवा १२.९ कोरलेले, पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचे नवे बोल्ट घ्यावेत आणि टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) सांगितलेल्या ताणापर्यंतच आवळावेत. पाइप लावून जोर काढण्याची सवय इथे सोडावी.

फट फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावी. लहान आणि मध्यम चिपरमध्ये ती बहुधा १.५ ते ३ मि.मी. असते, पण अंतिम शब्द पुस्तिकेचा. चकती हाताने, पात्यापासून लांब धरून हळूहळू फिरवत प्रत्येक पात्याची डाव्या आणि उजव्या टोकाची फट वेगवेगळी पाहावी, आणि सर्वांत पुढे आलेल्या पात्याला धरून अ‍ॅनव्हिल बसवावे. एक पूर्ण फेरा कुठेही न घासता झाला की झाकण लावून, हत्यारे मोजून मगच इंजिन सुरू करावे. स्पॅनर आत राहिल्याच्या कथा सगळ्यांनी ऐकलेल्या असतात, तरीही तो राहतो.

प्रथम पाच मिनिटे मोकळे चालवून थरथर जाणवते का ते पाहावे. मग मनगटाएवढ्या ओल्या फांद्या सोडाव्यात. अर्ध्या तासाने यंत्र पुन्हा पूर्वीच्याच क्रमाने बंद करून बोल्टांचा ताण तपासावा, कारण नवा बोल्ट पहिल्या कामात थोडा बसतो. त्याच वेळी मूठभर ढलप्या उचलून त्यांच्या कडा पाहाव्यात.

उतरवलेला संच धार लावण्याजोगा असेल तर त्याच आठवड्यात ग्राइंडिंगला द्यावा. सरफेस ग्राइंडरवर, भरपूर पाण्याखाली, फक्त उताराच्या बाजूने आणि सर्व पात्यांवरून सारखाच माल काढून घ्यावा. परत आल्यावर प्रत्येकाची रुंदी मोजून वहीत लिहावी आणि पुस्तिकेतल्या किमान रुंदीच्या खाली गेलेले पाते बाजूला काढावे. पावसाळ्यात गगनबावड्याकडच्या हवेत उघडे ठेवलेले पाते आठवड्यात गंजते आणि गंज धारेला खातो, म्हणून तेल लावून, मेणकागदात गुंडाळून, वर मूळ रुंदी आणि आजची रुंदी असे दोन्ही आकडे लिहून ते फळीवर ठेवावे.